टायराचा तेल

माझे यजमान बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये टायरच्या कामावर होते. उभी नोकरी त्यांनी टायर चढवण्यात, उतरवण्यात आणि कुठला टायर अजून किती धावेल हे सांगण्यात घालवली. निवृत्त होऊन आम्ही तोंडवलीला त्यांच्या मूळ घरी राहायला आलो, तरी ती नजर काही सुटली नाही. एकदा आम्ही वालावलला लग्नाला गेलो होतो. वरात आली, वाजंत्री वाजली, सगळे नवऱ्यामुलाकडे बघत होते आणि हे वाकून त्याच्या गाडीच्या चाकांकडे. नवरदेव खाली उतरल्यावर ह्यांनी त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "डाव्या अंगाचो टायर भायल्यान झिजलो आसा. घाटात जाव नको." नवरा घाबरून बायकोच्या आधी चाकाकडे बघायला गेला.

अशा माणसाच्या हातात मुलीने नवा फोन दिला, आणि त्यात त्यांना एक दिवस टायरपासून तेल काढण्याचा व्हिडिओ दिसला.

संध्याकाळी समुद्रावरून फिरून आले ते खांद्यावर एक टायर घेऊनच. लाटेबरोबर किनाऱ्याला लागलेला, मोटारसायकलचा. तो अंगणात ठेवून मला म्हणाले, "ह्याचा तेल होता म्हणतत. खरा काय गो?"

मी हायस्कुलात विज्ञान शिकवायची. खरं तर तेव्हा "असेल हो काहीतरी" म्हणून चहा टाकायला उठले असते, तर पुढचं काहीच झालं नसतं. पण शिक्षकाला प्रश्न विचारला की त्याचं भान जातं. मी त्यांना ओटीवर बसवून सगळं समजावलं. रबर उघड्यावर तापवलं तर जळतं, कारण हवा मिळते. पण बंद भांड्यात, हवा न लागू देता तापवलं तर ते जळत नाही, मोडतं. त्याच्या लांबलचक साखळ्या तुटतात, वाफ होते. ती वाफ थंड केली की तेल. जी थंड होत नाही तो गॅस. खाली उरते ती काजळी आणि तारा. मी कोळशाने ओटीवर आकृतीसुद्धा काढली. वर्गात फळ्यावर काढायची तीच.

"तू ह्यां केलंस कधी?" त्यांनी विचारलं.

तो प्रश्न मला लागला. मी कधीच केलं नव्हतं. इतकी वर्षं आकृती काढली, नावं द्यायला लावली, पेपर तपासले. पण आमच्या प्रयोगशाळेतली वाफ थंड करायची काचेची नळी मी रुजू व्हायच्या आधीच फुटलेली होती आणि तिचे तुकडे कपाटात सांभाळून ठेवलेले होते. शाळा सोडताना मला निरोपाला जी पेटी मिळाली तिच्यात मात्र सहा जाड काचेच्या परीक्षानळ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी परसात आम्ही सायकलच्या ट्यूबचे बारीक तुकडे एका परीक्षानळीत भरले, तोंडाला बूच, बुचातून एक नळी, आणि नळीचं दुसरं टोक पाण्यात बुडवलेल्या बाटलीत. स्पिरिटच्या दिव्यावर तापवत बसलो. अर्ध्या तासाने बाटलीच्या तळाशी तपकिरी रंगाचा एक थेंब पडला. मग दुसरा. यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हासुद्धा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं.

त्या दोन थेंबांनी आमचा घात केला.

मोठं भांडं, नळी, पाण्याची टाकी हे सगळं जुळवायचं तर गावात एकच जाणकार होता. डोंगराच्या बाजूच्या वाडीत राहणारे एक म्हातारे. काजूच्या हंगामात बोंडूच्या रसाचं ते काय करतात हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. यजमान त्यांना घेऊन आले. म्हाताऱ्यांनी टायर हातात घेतला, फिरवला, नाकाला लावला.

"ह्याका अजून वास लागूक नाय," ते म्हणाले. "जरा मुरांदे."

"आजोबा, टायर मुरवत नाहीत," मी म्हटलं.

"बाई, भाटी तुमची काय माझी?"

भट्टी त्यांचीच ठरली. त्यांनी रस्त्याच्या डांबराचं एक जाड पिंप आणवलं, त्याला झाकण बसवून घेतलं, झाकणातून लोखंडी नळी काढून ती आमच्या जुन्या न्हाणीतल्या पाण्याच्या टाकीतून फिरवली. सांधे वारुळाच्या मातीने लिंपायचे ठरले. मी फक्त एका गोष्टीसाठी हट्ट धरला. जो गॅस थंड होणार नाही तो दुसऱ्या नळीने परत चुलीत सोडायचा. म्हाताऱ्यांना ते फार आवडलं. "आपल्याच धुरार आपलीच भाटी," असं म्हणून ते दिवसभर हसत होते.

पण देवाला विचारल्याशिवाय आमच्या गावात नांगरसुद्धा जमिनीला लागत नाही. भट्टी पेटवण्याआधी मानकरी म्हणाले, गाऱ्हाणं घालून कौल घेऊया. सगळे देवळात गेलो. नारळ ठेवला. मानकऱ्यांनी डोळे मिटून सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! आज ह्यां तुझा लेकरू तुझ्या पायाकडे इलेला आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"तेना टायरांचा तेल काढूचा मनात आणलेला आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तां काय आसा तां आमका कोणाक ठावक नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तुका पण ठावक नसात तर तसा सांग, म्हाराजा!"

इथे लोक जरा घुटमळले. मग खालच्या आवाजात, "व्हय म्हाराजा."

"भाटी फुटा नये, कोणाक इजा होव नये, सरकारी माणसाची वाकडी नजर पडा नये, आणि पडलीच तर ती सरळ करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

कौलासाठी देवाच्या पाषाणावर उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशा फुलाच्या पाकळ्या पाण्याने चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आम्ही बघत बसलो. बराच वेळ दोन्ही पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत. मग मागच्या भिंतीवरून एक पाल आली, पाषाणावर चढली आणि तिच्या शेपटीने दोन्ही पाकळ्या एकदमच खाली पडल्या.

पालीला देवाचा माणूस धरायचं की नाही यावर तासभर वाद झाला. शेवटी मानकऱ्यांनी निकाल दिला. "देवाचा म्हणणा सरळ आसा. करा, पण निस्तरूचा तुम्हीच."

यजमानांनी गावच्या ग्रुपवर एवढंच टाकलं होतं, की जुने टायर असले तर आमच्या परसात आणून द्या. त्याचं गावोगाव काय झालं कोण जाणे, तिसऱ्या दिवसापासून आमच्या दारात रांग लागली. ट्रकचे टायर आले, रिक्षाचे आले. एक बाई टायरमध्ये लावलेली मोगऱ्याची रोपं घेऊन आली आणि म्हणाली, टायर घ्या, मोगरो माका परत द्या. देवबागहून होडीवाल्यांनी टेम्पो भरून टायर पाठवले. होडीला धक्का लागू नये म्हणून ते वर्षानुवर्षं धक्क्याच्या खांबांना बांधलेले होते, त्यामुळे त्यांच्यावर कालवं चिकटलेली होती. ही बातमी लागताच शेजारपाजारच्या बायका कोयते घेऊन आल्या आणि आमच्या परसात बसून टायरांवरची कालवं फोडू लागल्या. प्रकल्पातून गावाला झालेला पहिला फायदा म्हणजे कालवांची आमटी. शिंपं मात्र टायरांना चिकटलेलीच राहिली.

मग टायर नसलेल्या गोष्टी यायला लागल्या. फाटक्या चपला, गादी, फ्रिजचा दरवाजा. एकाने रेक्झिनचा अख्खा सोफा आणला. मी म्हटलं, "अहो, ह्याचं तेल नाही होत." तो म्हणाला, "बाई, बघा तरी घालून. बसूक मऊ आसा." सकाळी दार उघडलं की पायरीवर काहीतरी असायचंच. एकदा कागदात गुंडाळलेली दातांची कवळी होती, आणि कागदावर लिहिलं होतं, 'तेल निघाल्यावर कळवणे.'

वैशाखातल्या एका सकाळी भट्टी पेटली. यजमानांनी डेपोतली खाकी वर्दी पेटीतून काढून घातली होती. पोटावरचं एक बटण लागत नव्हतं. सगळी वाडी परसाच्या दगडी गडग्यावर बसून बघत होती. दोन तास काहीच झालं नाही. मग नळीच्या तोंडाशी फुरफुर झाली आणि डब्यात तेल पडू लागलं. काळपट, धार धरून. म्हातारे पुढे झाले, सवयीने धारेत बोट बुडवलं, आणि मी "आजोबा!" म्हणून ओरडेपर्यंत जिभेला लावलं. थुंकले. तोंड धुतलं. परत थुंकले. मग गंभीरपणे म्हणाले, "कडक आसा."

त्याच वेळी झाकणाची माती तडकली.

स्फोट वगैरे झाला नाही, देवाची कृपा. नुसता वास सुटला. पिवळसर धूर जमिनीलगत सरपटत गडगा ओलांडून गेला. आणि गडग्यापलीकडे माझ्या जावेच्या अंगणात वर्षभराची आंबापोळी, आमच्याकडे तिला साटं म्हणतात, सुपासुपांतून वाळत पडली होती. लोक पळाले. यजमान ओलं गोणपाट घेऊन झाकणाशी झटत होते. मी चुलीतली लाकडं ओढून काढली. अर्ध्या तासाने सगळं थंडावलं तेव्हा आमच्याजवळ दोन बाटल्या तेल होतं आणि दोघांच्या डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं.

एक बाटली नीट गाळून आम्ही बागेतल्या जुन्या इंजिन पंपात ओतली. यजमानांनी हँडल मारलं. इंजिन खोकलं, काळ्या धुराचं एक वर्तुळ सोडलं, आणि चाललं. पोफळींना पाणी गेलं. साताठ मिनिटंच चाललं असेल. पण चाललं! लोकांनी टाकून दिलेल्या त्या टायरांनी आमच्या पोफळी भिजवल्या. मी तिथेच चिखलात बसले. मला शाळेतले सगळे वर्ग आठवत होते, सगळ्यांना इथे आणून उभं करावंसं वाटत होतं.

माझी जाऊ आली ती सूप घेऊनच. साटाचा एक तुकडा तोडून तिने माझ्यापुढे धरला. "खा."

"अगो..."

"खा म्हणतंय मा! घोवाकय दी."

मी खाल्लं. हापूसची चव होती आणि तिच्या मागून घाटात ब्रेक लावलेल्या बसचा वास होता. यजमानांनी तुकडा चावून चावून खाल्ला. "ट्रकचो टायर," ते म्हणाले. जाऊ त्यानंतर महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही.

पुढच्या आठवड्यात दारूबंदीवाले आले. कोणीतरी कळवलं होतं की आमच्या परसात भट्टी चालते, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. जीपमधून साहेब आणि दोन शिपाई उतरले. त्यांनी पिंप पाहिलं, नळी पाहिली, पाण्याची टाकी पाहिली, आणि आलेल्या सोफ्यावर झोपलेले आमचे म्हातारे पाहिले. साहेबांचा चेहरा उजळला. ह्या म्हाताऱ्यांच्या मागावर ते बरीच वर्षं होते.

"हे काय आहे?" त्यांनी उरलेली बाटली उचलून विचारलं.

"तेल," यजमान म्हणाले.

"कसलं तेल?"

"टायराचा."

साहेबांनी बूच काढून हुंगलं आणि दोन पावलं मागे गेले. "हे दारू गाळायचं साधन नाही, कशावरून?"

तेव्हा मागच्या शिपायाने घसा खाकरला. तो माझा विद्यार्थी होता, मी ओळखलं होतं. "साहेब," तो ताठ उभा राहून म्हणाला, "ऊर्ध्वपातनाचं तत्त्व सगळीकडे एकच असतं, फक्त पदार्थ वेगळा. द्रवाची वाफ करणे व ती थंड करून..." त्याने पूर्ण व्याख्या म्हटली, एकही शब्द न चुकता.

"शाब्बास," मी म्हटलं. "बस खाली."

आणि तो बसला, ट्रकच्या टायरवर. साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा उठला.

तरीही पंचनामा करायचा ठरलं. पदार्थ दारू नाही हे पंचांनी सांगायला हवं होतं. पंच म्हणून जावेला बोलावलं. तिने बाटली लांबूनच पाहिली. "दारू नाय," ती म्हणाली. "दारू असती तर माझ्या साटांका वास तरी बरो इलो असतो." साहेबांनी ते लिहून घेतलं.

"मग हे कोणाच्या अखत्यारीत येतं?" साहेबांनी स्वतःलाच विचारलं आणि ओटीवर बसून फोन लावायला सुरुवात केली. एका कार्यालयाने दुसऱ्याचा नंबर दिला, दुसऱ्याने तिसऱ्याचा. तिसऱ्याने सांगितलं, असल्या बाबतीत आधी स्थानिक पातळीवर विचारा, आणि एक नंबर दिला. साहेबांनी तो लावला. अंगणात, त्यांच्यापासून चार हातांवर उभ्या असलेल्या आमच्या सरपंचांचा खिसा वाजला.

सरपंचांनी फोन काढला. "हॅलो?"

"हॅलो," साहेब म्हणाले. "ग्रामपंचायत का?"

"हो, बोलतोय. आपण कोण?"

दोघं एकमेकांकडे बघत होते, पण फोन कोणीच ठेवला नाही. साहेबांनी सगळी हकिगत शुद्ध मराठीत सांगितली. सरपंचांनी, "असं का? कुठे घडलं हे?" असं विचारलं. साहेबांनी आमच्या घराचा पत्ता सांगितला. सरपंचांनी मान वळवून आमच्या घराकडे पाहिलं आणि म्हणाले, "ठीक आहे, आम्ही स्थळपाहणी करू." फोन ठेवून त्यांनी दोन पावलं पुढे येऊन स्थळपाहणी केली. मी सगळ्यांना कोकम सरबत दिलं.

चौथ्या दिवशी नोटीस आली. सदर पदार्थ तयार करणे तात्काळ बंद करावे व टायर पंधरा दिवसांत हलवावे. यजमान नोटीस हातात घेऊन गडग्यावर बसून राहिले. "परवानगी काढूया," ते म्हणाले. "झाकण वेल्डिंग करून घेतंय. वास कसो येतलो मगे?"

पण भट्टीच्या दिवसापासून त्यांना खोकला होता. माझं डोकं जड होतं ते उतरत नव्हतं. आरोग्यसेविका येऊन टायरांत साचलेल्या पाण्यातल्या अळ्या दाखवून गेली होती. आणि मला ठाऊक होतं की झाकण वेल्ड करून, आत किती दाब आहे हे न कळता असलं पिंप तापवणं म्हणजे काय. मला ते पहिल्या दिवशीही ठाऊक होतं. त्या दोन थेंबांच्या हावरेपणात मी ते बोलले नव्हते.

"आता बंद," मी म्हटलं.

"तूच शिकवलंस," ते म्हणाले.

"अर्धंच शिकवलं. बाकीचं अर्धं आता ऐका. पिंप फुटलं असतं. तुम्ही वाकून झाकणाशी होता. मला तेव्हाच सांगायला हवं होतं, आणि मी तेल बघत बसले."

त्यांनी नोटीस खिशात घातली. मग उठले, वर्दी वाळत घातली होती ती काढली आणि घडी घालून पेटीत ठेवली. दुसऱ्या दिवशी म्हातारे येऊन आपली नळी घेऊन गेले. जाताना म्हणाले, "बाई, बोंडूच बरो. तेका परवानगी नाय ती नायच, पण साटांका वास लागना नाय."

आता प्रश्न होता टायरांचा. माझ्या त्या शिपाई विद्यार्थ्यानेच शोध लावला. घाटावर एक परवान्याचा कारखाना होता, तो जुने टायर घेऊन त्यांचं तेल काढत असे. ट्रक ठरला. गावातले बाप्ये दोन दिवस टायर भरत होते. कवळी ज्याची होती तो येऊन घेऊन गेला, विचार बदलला म्हणे. ट्रक सुटायला लागला तसे यजमान ड्रायव्हरशेजारी चढून बसले. चाकांची तपासणी आधीच झाली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. मागे धडधड चालली होती, त्यांना ओरडून बोलावं लागत होतं.

"गो, आयकतंस? ह्यांचा भांडा आपल्या घराएवढा मोठा आसा. आणि फिरता! गरगर फिरता. दाबाचा घड्याळ लावलेला आसा, मोठा."

"आणि गॅस?" मी विचारलं.

"गॅस परत चुलीत. तू सांगितलेलंस तसोच." ते जरा थांबले. "हयल्या फोरमनाक मी विचारलंय, थंड होना नाय तो गॅस खंय सोडतास? तो माझ्याकडे बघूकच लागलो. म्हणता, तुम्हाला कुठल्या इंजिनियरने शिकवलं?"

"मग काय सांगितलंत?"

"सांगलंय, बायलेन."

मी फोन दुसऱ्या कानाला घेतला. ते म्हणाले, "कालवांची शिंपं आसत ते टायर घेणत नाय. परत हाडतंय. पण थांब, तू आयक." आणि त्यांनी फोन कशाच्या तरी जवळ धरला. आधी नुसती घरघर ऐकू आली. मग तिच्या आतून धार पडल्याचा आवाज आला, जाड, न तुटणारा.

मी परसात फोन कानाला लावून उभी होते. पलीकडे जाऊ नवी साटं घालत होती. तिने वर पाहिलं.

"काय आयकतंस गो इतक्या?"

"तेल," मी म्हटलं.

ती उठली, हात लुगड्याला पुसले, गडग्याशी आली आणि म्हणाली, "बघू."

मी फोन तिच्या कानाला लावला.